हाजिर जामीन

मागच्या आठवड्यात कॅलिफोर्नियाहून भाच्याचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तिकडे जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. नेहमीची विचारपूस झाली. डोळ्याचं कसं, गुडघ्याचं कसं, बल्लारपुरात ऊन किती. मग हसत म्हणाला, "मावशी, तू तर बिनपरवान्याची बेल रिकव्हरी एजंट निघालीस!"

बेल म्हटलं की मला एक तर शाळेची घंटा आठवते, नाही तर महादेवाला वाहायचं पान. हा तिसरा बेल म्हणजे जामीन हे त्यानंच सांगितलं. त्याच्या ओळखीतला एक मुलगा तिकडे त्या धंद्याचा परवाना काढतोय म्हणे. भाच्याला एकदम माझी वारंगळची गोष्ट आठवली. घरातल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक आहे, पण अर्धवट. तेव्हा आज ती पूर्ण सांगते आणि तिच्यावरून माझं जे मत झालं आहे तेही सांगते. पटलं तर घ्या.

आधी अमेरिकेचं. तिथे पुष्कळ राज्यांत जामीन राहणं हा रीतसर धंदा आहे. कोर्टानं समजा दहा हजार डॉलर भरायला सांगितले आणि आरोपीजवळ तेवढे नाहीत, तर तो जामीन एजंटाकडे जातो. एजंट साधारण दहा टक्के फी घेतो आणि पूर्ण रकमेची हमी कोर्टाला देतो. ही फी परत मिळत नाही, माणूस निर्दोष सुटला तरी. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम एजंटाच्या अंगावर येते, म्हणून त्याला हुडकून आणायला तो माणूस पाठवतो. हाच तो रिकव्हरी एजंट. १८७२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं एका निकालात असं म्हणून ठेवलं, की जामीनदार पळालेल्याचा पाठलाग दुसऱ्या राज्यातही करू शकतो, रविवारीही त्याला धरू शकतो, त्यासाठी त्याच्या घराचं दार मोडूनही आत शिरू शकतो. पोलिसांना नाहीत एवढ्या सवलती! पुढे कोणीही उठून हे काम करू लागलं आणि तक्रारी वाढल्या, तेव्हा राज्यांनी नियम केले. कॅलिफोर्नियात आधी अटकेच्या अधिकारांचं चाळीस तासांचं शिक्षण आणि जामिनाच्या कायद्याचे वीस तासांचे वर्ग एवढंच सक्तीचं होतं. २०२२ च्या कायद्यानं १ जुलै २०२३ पासून परवानाही लागू लागला. तो देतं कोण? तर विमा खातं. मला याचं फार हसू आलं, पण विचार केला तर बरोबरच आहे. माणूस पळण्याच्या जोखमीचा हा एक प्रकारचा विमाच.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे असा परवानाही नाही आणि असा मान्य धंदाही नाही. जामीनदार हा ओळखीचा, नात्यागोत्याचा, भरवशाचा माणूस असावा अशी कल्पना आहे. आरोपी आला नाही तर जामीनदारानं त्याची कॉलर धरून आणावं असंही नाही. फार तर त्यानं कोर्टात अर्ज करावा, की मला या जबाबदारीतून मोकळं करा. मग कोर्ट आरोपीला वॉरंट काढून बोलावतं. साध्या नागरिकाला स्वतः अटक करता येते, पण ती डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर किंवा तो माणूस कोर्टानं फरार म्हणून जाहीर केलेला असेल तर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. कायदा हा असा. व्यवहार काय आहे ते पुढे येईलच.

१९९९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. दारात एक बाई उभी. तिचा मुलगा माझ्याकडे पाचवी ते सातवी होता. अक्षर सुंदर, गणित शून्य, आणि श्रावणात हमखास आठ-आठ दिवस गैरहजर. आठवीनंतर शाळा सुटली. तो सागाच्या चोरट्या लाकडाच्या ट्रकवर हमाल म्हणून चढला होता. ट्रक धरला. मालक कोण हे सगळ्या गावाला ठाऊक, पण आत गेले ते हमाल. कोर्टानं पाच हजारांच्या जामिनावर सोडायचा हुकूम दिला होता आणि त्याला दहा दिवस होऊन गेले होते. पोरगं आतच.

"बाई, सात-बारावाला कोनी उभा नाही रायत. तुमच्या नावाचं घर हाय म्हनते."

घर माझ्या नावावर होतं खरं. हे पेपरमिलमध्ये होते, त्यांच्या पगारात घर चाललं आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीच्या कर्जातून हे दोन खोल्यांचं घर उभं राहिलं, म्हणून यांनीच हट्टानं माझं नाव लावलं. त्या रात्री हे एवढंच म्हणाले, "घर तुझं आहे, तूच ठरव." हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात रात्रभर झोप लागत नाही.

मग सुरू झाली कागदांची वारी. घरटॅक्सची पावती, नगरपालिकेचा उतारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, फोटो, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र. वकिलाच्या मुन्शीनं सगळं तपासून एक पावती जुनी आहे म्हणून परत पाठवलं. तीन खेपा झाल्या चंद्रपूरच्या. दरम्यान एक गृहस्थ कोर्टाच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायले त्रास घेता? जामीनदार भेटते ना इथं." मला वाटलं, किती भला माणूस! मागून मुन्शीनं समजावलं की ते भाड्याचे जामीनदार. पैसे घेतात, कोणाच्या तरी नावाचे कागद दाखवतात, आरोपीचं तोंडही पाहिलेलं नसतं.

असे टोळीवाले मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत अधूनमधून पकडले जातात. बनावट रेशनकार्डं, बनावट दाखले, रबरी शिक्के सापडतात. यावर उपाय म्हणून जामीनदारानं आपण आजवर किती जणांना जामीन राहिलो ते लिहून द्यायचं, असं २००५ च्या दुरुस्तीनं कायद्यात घातलं आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. पण जो खोटा सात-बारा आणतो, तो आकडा खरा कशाला लिहील?

शेवटी माझे कागद मंजूर झाले. न्यायाधीशांनी मला विचारलं, "आरोपीला ओळखता?" मी म्हटलं, "त्याचं अक्षरसुद्धा ओळखते." कोर्टात जरा हशा झाला. पण त्या सगळ्या कामकाजात ओळखीबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न होता. बाकी सारे प्रश्न घराबद्दल.

संध्याकाळी तुरुंगाच्या दाराशी त्याची आई आणि मी वाट पाहत उभ्या होतो. चांद्याच्या याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. मुलांना मी हा धडा किती वर्षं शिकवला, पण त्या भिंतीपाशी दीड तास उभं राहण्याचा प्रसंग तो पहिलाच.

पहिल्या दोन तारखांना पोरगं वेळेवर आलं. मग मार्च २००० मध्ये माझ्या नावानं कोर्टाची नोटीस आली. आरोपी दोन तारखांना गैरहजर, सबब जामिनाची रक्कम आपल्याकडून का वसूल करू नये याचं कारण दाखवा. रक्कम पाच हजारच होती, पण नोटिशीची भाषा अशी की दारावर जप्तीवाले उभे असल्यासारखं वाटलं. त्यात मुन्शीनं भर घातली, दंड वसूल झाला नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येतं म्हणून. (ते खरंच आहे, कायद्यात आहे.) मला संताप आला तो पोराचा. तोंडावर पडली ना मी! शिक्षकखोलीत दोघीतिघींनी "आम्ही तर तेव्हाच म्हणत होतो" हेही ऐकवलं.

त्याच्या आईला गाठलं. ती म्हणाली, "तो मिरची तोडाले गेला." आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची गावंच्या गावं धान निघालं की तिकडे मिरची तोडायला जातात हे तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हा तो आंध्र होता, आज तेलंगणा. कुठं गेला, तर "वरंगलकडं". पत्ता म्हणून मुकादमाचं नाव आणि गावाच्या नावाचा अर्धा उच्चार. तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि त्याची आई, तिचा दीर आणि मी अशी तिघं बल्लारशाहून काझीपेठकडच्या गाडीत बसलो. बल्लारपुरात आयुष्य काढल्यावर तोडकं-मोडकं तेलुगू प्रत्येकाला येतंच, त्यावर निभावलं. वारंगळहून बस, मग दुसरी बस, मग पायी. पहिल्या गावी नव्हता. दुसऱ्या गावी शेताच्या कडेला पालं टाकली होती आणि नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. मला शिंका आवरेनात.

तो मला पाहून उठला आणि आधी माझ्या मागं पाहिलं. पोलीस असतील म्हणून. मग म्हणाला, "बाई, मी पराला नाही ना वो! मी तं कामाले आलो."

झालं होतं असं. तिसऱ्या तारखेला पुकारा झाला तेव्हा पुढची तारीख त्यानं चुकीची ऐकली. चुकीच्या दिवशी गेला, कोणी दाद दिली नाही. पुन्हा जायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि वकिलाला द्यायला काही नाही. तोवर मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. मजुरी हंगाम संपल्यावर, त्यातली काही मिरचीच्याच रूपात. मध्येच गेलं तर तीही बुडते. कोर्ट काय करतं ते उद्याचं, मुकादम काय करतो ते आजचं. हाताची आग होत होती म्हणून त्यानं हात पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवले होते आणि तसेच ठेवून तो हे सगळं सांगत होता. आठ-दहा मिनिटं मी रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मुकादमाशी भांडण त्याच्या काकानं केलं, मी फक्त मास्तरीण असल्याचा चेहरा करून उभी राहिले. त्याला घेऊन आलो. कोर्टात हजर केला, वॉरंट रद्द झालं. न्यायाधीशांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पाच हजारांतले पाचशे भरायला लावून बाकीचे माफ केले. तसा अधिकार कोर्टाला आहे. पुढे सात वर्षांनी तो निर्दोष सुटला. तेव्हा वाट्याला आलेल्यातली पोतंभर मिरची त्यानं आमच्या अंगणात आणून टाकली. वर्षभर घरात तिखट विकत आणलं नाही.

तर भाचा याला रिकव्हरी म्हणतो. गंमत म्हणून ठीक आहे. पण ज्याला मी आणलं तो पळालेला नव्हताच. तारीख चुकलेला होता. आणि आमच्या भागातल्या, मी पाहिलेल्या, बहुतेकांचं असंच असतं. भामरागडच्या माणसाला चंद्रपूर दीडशेहून जास्त किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचाच संपर्क तुटतो. तो तारखेला आला नाही म्हणून त्याच्यामागे परवाना घेतलेला, चाळीस तास अटक शिकलेला माणूस पाठवायचा? त्यापेक्षा त्याला आदल्या दिवशी आठवण करून द्या आणि बसभाडं द्या. न्यूयॉर्क शहरात हाच प्रयोग झाला. समन्सचा कागद सोप्या भाषेत लिहिला तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली आणि मोबाईलवर आठवणीचे संदेश पाठवले तर २१ टक्क्यांनी. २०२० साली 'सायन्स' मासिकात ते छापून आलं आहे. अमेरिकेतही आता सगळीकडे जुनं चालत नाही. इलिनॉय राज्यानं सप्टेंबर २०२३ पासून पैसे भरून जामिनाची पद्धतच बंद केली.

मराठीची शिक्षिका म्हणून एक विषयांतर करते. जामीन हा शब्द अरबी, जमीन फारसी. दोघांचा काही संबंध नाही. आपल्या कोर्टांनी मात्र लावून दिला. जमीन नाही त्याचा जामीन नाही! जुन्या मराठी कागदपत्रांत हे इतकं ढोबळ नव्हतं. तिथे हाजिरजामीन वेगळा आणि मालजामीन वेगळा. हाजिरजामीन म्हणजे हा माणूस बोलावल्यावर हजर होईल याची हमी घेणारा. मालजामीन म्हणजे पैसा भरला जाईल याची हमी घेणारा. फौजदारी कोर्टाला खरं पाहता हवा असतो हाजिरजामीन, पण कागद मागितले जातात मालजामिनाचे. माझ्या मते सगळी गडबड इथे आहे. ज्याला आरोपी कुठल्या शेतावर गेला असेल हे ठाऊक असतं त्याच्याजवळ सात-बारा नसतो, आणि ज्याच्याजवळ सात-बारा असतो त्याला आरोपीचं गाव कुठं हेही माहीत नसतं. भाड्याचा जामीनदार या फटीतूनच आत येतो.

आमच्याकडे तर आणखी अडचण. वनहक्क कायद्याखाली पट्टे मिळाले, पण ती जमीन वारसांना देता येते, विकता येत नाही. आदिवासींची शेतजमीनही परवानगीशिवाय बिगरआदिवासीला जात नाही. हे संरक्षण हवंच, माझा त्याला शंभर टक्के पाठिंबा. पण मग ऐपत मोजताना या माणसाची किंमत काय धरायची? मेंढा-लेखासारखं गाव, ज्याला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, जे आपलं जंगल सांभाळतं, तिथल्या ग्रामसभेनं "हा आमचा मुलगा, आम्ही त्याला तारखेला आणू" असा ठराव केला तर तो कोर्टात का चालू नये? माझ्या घरटॅक्सच्या पावतीपेक्षा तो नक्कीच जड आहे.

हे मी नवीन सांगते आहे असं नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, मोतीराम त्याचं नाव. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भाऊ जामीन राहायला तयार, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडलं. मी सातवीच्या वर्गाला 'कुणी घर देता का घर' या थाटात ती गोष्ट सांगत असे. त्यानंतर ४५ वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, त्याच कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका, हुकूम झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये तेरा गुन्ह्यांत जामीन मिळूनही तेवढे जामीनदार मिळत नसलेल्या माणसाची केस आली, तेव्हा तेच दोघं सगळीकडे चालतील असं म्हणावं लागलं. २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची केंद्राची योजना आली. आणि २०२२ च्या अखेरीचे सरकारी आकडे पाहा, देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरात पंचाहत्तरहून जास्त. त्यांतले सगळेच जामीनदार नाही म्हणून आत आहेत असं मी म्हणत नाही. पण किती आहेत हे कोणी दारोदार जाऊन विचारावं.

आमच्या शेजारी निवृत्त कारकून आहेत, त्यांचं मत उलट. ते म्हणतात, "बाई, घर जाईल या भीतीनंच तुम्ही वारंगळला गेलात ना? भीती नसती तर कोण जातं?" मी यावर बराच विचार केला. त्यांचं अर्धं खरं आहे. नोटीस आली नसती तर मी गेले नसते. पण नुसती भीती असती तर पाच हजार भरून मोकळी झाले असते, तोही पर्याय होता. मी गेले कारण त्याची आई मला घेऊन गेली, आणि सापडला कारण तिला तो अर्धा उच्चार ठाऊक होता. कोर्टाच्या कागदावर मात्र तिचं नाव कुठंच नाही.

इथवर मी स्वतःची बरीच शोभा करून घेतली. आता दुसरी गोष्ट, जी भाच्याला ठाऊक नाही. २००४ मध्ये अशीच एक आई आली होती. तिचा मुलगा माझा विद्यार्थी नव्हता, शेजारच्या वर्गातला. भांडणाची केस. वारंगळची हकीकत ऐकून आली होती. मी म्हटलं, घर आता माझ्या नावावर राहिलं नाही, मुलाच्या नावावर केलं. साफ खोटं. यांनी आतून ऐकलं, काही बोलले नाहीत. तो मुलगा साडेपाच महिने आत राहिला. सुटून आला तेव्हा पेपरमिलच्या ठेकेदाराकडची त्याची जागा गेली होती. पुढे कित्येक वर्षं बाजारात ती बाई दिसली की मी भाजीवाल्याशी विनाकारण घासाघीस करत उभी राहायची. ती मला ओळख देत होती, तेच जास्त लागायचं.

गेल्या महिन्यात कोठारीच्या बाजूच्या एका गावची आजी आली. नातू आत आहे, जामिनाचा हुकूम होऊन अठरा दिवस झालेत. चिरंजीव पुण्याहून म्हणतात, "आई, या वयात नसत्या भानगडी नको." त्याचं चुकतं असं नाही. मी आजीला घेऊन चंद्रपूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले, तिथल्या मुलीनं अर्ज नीट लिहून घेतला, अट बदलून मागणार आहेत. पुढची तारीख मंगळवारची. अर्ज मान्य झाला तर उत्तम. नाही झाला तर घराचे कागद जिथं असायचे तिथंच आहेत, जुन्या पत्र्याच्या पेटीत, आणि यंदाची घरटॅक्सची पावती मी परवाच भरून आणली आहे. चिरंजीव हे वाचतीलच.